अंकगणिताच्या पुठ्ठ्यात

लढाई संपली आणि नगरच्या छावणीतले गोरे सोल्जर मायदेशी निघाले, तेव्हा त्यांची पुस्तकं बाजारातल्या रद्दीवाल्याकडे पोत्यांनी आली. मी शाळेत अंकगणित शिकवायचो. शाळा सुटली की त्या ढिगापाशी उकिडवा बसायचो आणि कुणी ओळखीचं दिसलं की हातात शब्दकोश धरायचो. शोधत होतो पोकरची पुस्तकं.

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं एका बुकबाइंडराच्या दुकानात पोकर खेळायचो. छावणीत गणवेश शिवणाऱ्या शिंप्यानं तो खेळ तिथून उचलून आणला होता. दुकानाचे मालक म्हणजे आमचे चाचा, साठीचे, पांढऱ्या दाढीचे. चौथे भाऊसाहेब, कचेरीतले रेकॉर्ड कारकून. कचेरीची दप्तरं बांधायचं काम तेच चाचांना देत आणि चाचांचं घर त्यावरच चाले. खेळ चिंचोक्यांवर व्हायचा. तरी मी दर रविवारी हरायचो, आणि चिंचोके हरूनसुद्धा माणसाचा जीव किती जळतो ते मला विचारा.

शेवटी ढिगात दोन पुस्तकं मिळाली. एक आकड्यांचं होतं, कुठलं पान यायचा संभव किती याची कोष्टकंच्या कोष्टकं. दुसरं फाटकं, सुट्या पानांचं, समोरच्याचा चेहरा, हात, श्वास कसा वाचावा ते सांगणारं. मी गणिताचा मास्तर. पहिलं माझ्या हक्काचं होतं. पण दिवसभर पोरांची गुणाकारांची पाटी तपासून आलेल्या माणसाला पुन्हा कोष्टकं नको होती. मी दुसरं घेतलं. त्या निवडीबद्दल मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

शब्दकोश घेऊन मी ते वाचलं, एका वहीत टिपणं काढली. शिंपी चांगली पानं आली की नाक ओढतो. भाऊसाहेब पान खायचं थांबतात. चाचांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘पानं दाराच्या उजेडाकडे नेऊन बघतात. बदाम आणि चौकट यांत अडखळतात.’ त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

मग पुस्तक बांधायला चाचांकडेच दिलं. मास्तरच्या घरात जुगाराचं पुस्तक कसं ठेवणार? म्हणून पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘व्यावहारिक अंकगणित’ छापायला सांगितलं. चाचा पोट धरून हसले. आठ दिवसांनी पुस्तक घरी आणून उघडलं, तर मधली सोळा पानं उलटी शिवलेली. वरचं डोकं खाली. जन्मभर ज्यांनी एक पान इकडचं तिकडे होऊ दिलं नाही त्यांच्या हातून हे झालं होतं. वहीतली ओळ आठवली आणि मला सगळं कळलं. चाचांना दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं. शिंपी नव्हता, भाऊसाहेब नव्हते, आम्ही दोघंच होतो.

"मास्तर, पुस्तक नीट बांधलंय ना? काय उलटसुलट न्हाई ना झालं?"

त्यांच्या आवाजात काळजी होती. ती मला ऐकू आली, हे मी कबूल करतो. पण समोरच्याची उणीव त्याला कळू देऊ नये, असं त्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं आणि मी चांगला विद्यार्थी होतो.

"अगदी नीट आहे, चाचा," मी म्हणालो.

त्या रविवारी मी लवकर गेलो आणि दारासमोरच्या त्यांच्या जागेवर बसलो. चाचा क्षणभर उभे राहिले. मग आत, कपाटाच्या सावलीत बसले. दुकान त्यांचं, जागा त्यांची, आणि मी पाहुणा असून हललो नाही.

चौथ्या की पाचव्या डावाला त्यांनी एकच पान बदललं आणि पुढ्यातले सगळे चिंचोके मध्ये सारले. त्यांना थाप मारायला येत नसे. शिंप्यानं आणि भाऊसाहेबांनी पानं टाकून दिली. माझ्याकडे नुसते दोन गुलाम. तरी मी सगळे चिंचोके लावले.

"पाचीच्या पाची बदाम," चाचांनी पानं पसरली. चेहरा लहान पोरासारखा फुलला होता.

चार पानं बदामची होती. पाचवं चौकट, म्हणजे त्या हाताला किंमतच नव्हती आणि माझी जोडी वरचढ. मी गुलाम टाकले आणि शिंपी खो खो हसला. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी ते चौकटचं पान उचलून चाचांच्या डोळ्यांपुढे धरलं.

"हे काय आहे, चाचा?"

चाचांनी डोळे बारीक केले. "बदामच की."

मध्ये चिंचोक्यांची रास होती, ती माझी होती. मला ती ओढून घ्यायची लाज वाटली, पण मी ओढली.

पुढच्या महिन्यापासून कचेरीची दप्तरं दुसरीकडे जाऊ लागली. भाऊसाहेबांना दोष देता येत नाही. दप्तरात एक पान उलटसुलट गेलं तर कुणाची जमीन कुणाच्या नावावर दिसायची. ते स्वतः सांगायला आले आणि बोलताना सारखे खाली बघत होते.

चाचांना टांग्यात घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच नेलं. आम्हांला बाहेर बाकावर बसवून डॉक्टर म्हणाले, "दोन महिने आधी आणलं असतं तर उजवा वाचला असता."

आम्ही टांग्याची वाट बघत होतो. चाचांनी माझा हात चाचपून धरला.

"मास्तर, तवा मला शंका आली हुती. डाक्टरकडं जानारच हुतो. मग तुमी म्हनला पुस्तक नीट हाय, तवा म्हनलं उगी कशाला. खरं सांगा, नीट हुतं ना ते?"

खरं बोलायची ती शेवटची संधी होती. मला वाटलं, आता सांगून त्यांना काय मिळणार? पण मी स्वतःलाच वाचवत होतो.

"नीटच होतं, चाचा."

"मग एकदमच झालं म्हनायचं," ते म्हणाले. "अल्लाची मर्जी." आणि जणू मीच घाबरलो होतो, तसा त्यांनी माझा हात थोपटला.