चाळणीमावशींचं गिऱ्हाईक

आधीच सांगून टाकतो, मला लहान मुलं आवडत नाहीत. बावीस वर्षं एकाच हॉटेलात वेटर आहे मी, आणि या बावीस वर्षांत टेबलांखालून जेवढा भात गोळा केलाय तेवढ्यात एखादं लग्न उरकलं असतं. मूल आलं की चमचे खाली पडणार, ग्लास कलंडणार, मिठाच्या डबीचं झाकण उडणार. वर आईबाप आपल्याकडे बघून असे कौतुकानं हसणार की जणू त्यांच्या पोरानं आपल्यावर उपकारच केलेत. मला शर्ट पांढरा लागतो आणि इस्त्री कडक लागते. म्हणून हॉटेलात सगळे मला इस्त्रीच म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. मला चालतं.

पण ही गोष्ट माझी नाही, चाळणीमावशींची आहे. ती मलाच सांगायला हवी, कारण त्यांच्या पोटावर पाय आणणारा मीच.

मावशी आल्या त्या भांडी घासायला. त्याला आता पंधरा वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या मागे दोन हौद आणि एक निसरडी फरशी, एवढंच त्यांचं राज्य. बोलायच्या कमी, आणि बोलल्या तर समोरच्याला गप्प करूनच थांबायच्या. त्यांना येऊन महिना झाला असेल, एका दुपारी चार नंबरच्या टेबलावर एका पोरीनं हॉटेल डोक्यावर घेतलं. वर्षा-दीड वर्षाची असेल. आई उभी राहून झुलवतेय, बाप मोबाईलवर गाणं लावतोय, शेजारच्या टेबलावरचे लोक माना वळवून बघताहेत, आणि त्यांचं सूप हातात धरून मी तिष्ठत उभा. तेवढ्यात मावशी हात पुसत आतून आल्या. हातात मूठभर स्ट्रॉ आणि एक जुनी, कान तुटलेली चाळणी. त्यांनी पोरीला ना हाक मारली, ना गालगुच्चा घेतला. चाळणी पालथी ठेवली, एका भोकात एक स्ट्रॉ उभी केली आणि एक पाऊल मागे सरकल्या. पोरगी बघत राहिली. मग तिनं स्ट्रॉ उपसली. मग ती परत भोकात घालायला बघू लागली, आणि ते काही जमेना. अठरा मिनिटं तिच्या तोंडातून आवाज नाही. मी घड्याळ लावलं होतं, खोटं कशाला सांगू?

तेव्हापासून त्या चाळणीमावशी झाल्या. हौदावर दुसरी बाई आली आणि मावशी कायमच्या बाहेरच्या हॉलमध्ये.

त्यांची एक रीत होती, आणि त्या रीतीत कुणाचं काही चालायचं नाही. कुटुंब बसलं की पहिलं पाणी मुलाला. छोट्या वाटीत दोन घोट, पण पहिलं त्याला. एका वेळी एकच वस्तू. दात येत असतील तर फ्रिजमधला गार चमचा, रांगत्या बाळाला झाकण आणि लाकडी पळी, दोन वर्षांच्या पोराला घड्या घालायला कागदी रुमाल. आधीची वस्तू परत मिळाल्याशिवाय दुसरी नाही, आणि परत घ्यायची म्हणजे हिसकवायची नाही. मावशी तळहात पुढे करून नुसत्या उभ्या राहायच्या. पोर हाताकडे बघायचं, तोंडाकडे बघायचं, आणि शेवटी आपण होऊन द्यायचं. कुणी मोबाईल समोर ठेवला असेल तर त्या तो हलवायच्या नाहीत, आईबापाला टोमणाही मारायच्या नाहीत. शेजारी चाळणी ठेवून वाट बघायच्या. मोबाईल जिंकलेला मी एकदोनदाच पाहिला.

तीन वर्षांच्या पुढची मंडळी आली की त्या माझ्या खिशातलं पेन न विचारता काढून घ्यायच्या आणि पोराला ऑर्डरचा कागद द्यायच्या. पोरानं गिरगटून झालं की म्हणायच्या, आता खाली दोन रेघा मार, म्हणजे ऑर्डर पक्की. ही माझी सवय. ऑर्डर लिहून झाली की मी खाली दोन रेघा ओढतो, म्हणजे मागाहून कुणी त्यात काही घुसडू शकत नाही. सगळं हॉटेल हसायचं. मला राग यायचा. पेन परत मिळायचं ते चावलेलं.

एकदा रुमालांच्या घड्या घालता घालता मी त्यांना विचारलं होतं की एवढा सोस कशाला? त्यांनी हातातली घडी पुरी केली आणि मग सांगितलं. तरुणपणी त्या दुसऱ्या एका हॉटेलात भांड्याला होत्या. नवरा नव्हता, मुलगी दीड वर्षाची. मालकानं बजावलं होतं, पोर कुणाच्या नजरेला पडलं तर तुलाही काढीन. म्हणून कांद्याच्या पोत्यांमागे, पायाला दोरी बांधून मुलीला बसवायच्या. सोबतीला टाकून दिलेली एक चाळणी. मुलगी तिच्या भोकांत काड्या घालत आठ-आठ तास बसायची. रडायची नाही. "रडत नव्हती, याचंच मला रडू यायचं," एवढं बोलून त्यांनी पुढचा रुमाल घेतला. ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. चाळणी तीच.

आता माझं पाप.

एका रविवारी हॉल खच्चून भरलेला. सहा नंबरच्या टेबलावर एक सव्वा वर्षाचा राजा चमचा खाली टाकायचा आणि मी उचलायचा. अकरा वेळा. मावशी पलीकडे जुळ्यांत अडकलेल्या. कंबर आधीच दुखत होती. बाराव्या वेळी वाकलो आणि वरून सुपाची वाटी आली, टोमॅटोची, सबंध. शर्टाचं जे व्हायचं ते झालं. त्याची आई म्हणाली, "अगं बाई, सॉरी हं." आणि हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दाराजवळ अभिप्रायांची वही असते. आम्ही नोकर कितीही घसा कोरडा करू, वर कुणी ऐकत नाही. वहीतलं मात्र वाचलं जातं, हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक. जेवणं आटोपून हॉल रिकामा झाला तसा मी ती वही उघडली आणि अक्षर वळवून लिहिलं: 'इथे लहान मुलांचा उच्छाद असतो. निवांत जेवता येत नाही. मुलांना आणणाऱ्यांना आवरावे. एक नेहमीचा ग्राहक.' लिहिलं, मन हलकं झालं, घरी जाऊन शर्ट भिजत घातला आणि विसरलो.

विसरले नाहीत ते साहेब. मालकांचे गुडघे गेल्यापासून त्यांचे जावई कारभार बघतात, आम्ही त्यांना साहेब म्हणतो. माणूस वाईट नाही, पण ग्राहकाचा शब्द शेवटचा, असं कुठंतरी शिकून आलेले. आठवड्याभरात दारावर पत्र्याची पाटी लागली: 'सहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.' आणि मावशींना सांगण्यात आलं की हॉलमध्ये आता तुमचं काम उरलं नाही, हौदावर भांडी धुण्याचं यंत्र आलंय, तेव्हा महिनाअखेर आपला हिशेब घ्या.

हे माझ्या वहीतल्या चार ओळींमुळे, हे मला कळत होतं. पण तोंड उघडलं? नाही उघडलं. आज करू, उद्या करू.

मावशी रडल्या नाहीत, विनवण्या केल्या नाहीत. साहेबांना एवढंच म्हणाल्या की महिना संपेपर्यंत मी कामावर आहे ना, मग मी उभी राहीन. आणि राहिल्या, पाटीच्या बाहेर, पायरीवर, चाळणी घेऊन. पाटी वाचून लोक थबकायचे, आता जायचं कुठं म्हणून एकमेकांची तोंडं बघायचे, तेवढ्यात मावशींनी मुलाला दोन घोट पाणी दिलेलं असायचं. साहेबांनी काचेतून खुणा केल्या, मग बाहेर येऊन समजावलं. मावशी म्हणाल्या, "पाटी आतल्यांसाठी आहे. पायरीवर काय लिहिलंय?" साहेबांनी हात टेकले. मला मात्र दारात उभं केलं, आत येणाऱ्या मुलांना अडवायला. बरोबरच होतं म्हणा, माझंच पीक.

एक बाई होती, दर बुधवारी दुपारी एकटी यायची. आठ महिन्यांचं बाळ. भिंतीकडचं टेबल घ्यायची. मावशी बाळाला झाकण-पळी द्यायच्या आणि ती दोन्ही हातांनी जेवायची. एकदा मला म्हणाली होती, भाऊ, आठवड्यातून एवढं एकच जेवण मी गरम जेवते. त्या बुधवारी ती आली. मी पाटीकडे बोट केलं. तिनं पाटी वाचली, बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि मलाच सॉरी म्हणाली. मला. वळून पायऱ्या उतरायला लागली.

मी मावशींपाशी गेलो आणि भडाभडा ओकून टाकलं. वहीतलं मी लिहिलं, सूप, शर्ट, सगळं. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बाळाकडे बघत होत्या.

"ठाऊक आहे," म्हणाल्या. "खाली दोन रेघा मारल्यास. असं कुठलं गिऱ्हाईक करतं?"

सगळं ठाऊक असून ही बाई इतके दिवस माझ्या शेजारी उभी होती, मला चहा देत होती. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"मी कशाला बोलू? तळहात पुढे करून बसले होते. तूच देत नव्हतास," त्या म्हणाल्या. "आता जा. मी तिला थांबवते."

साहेब काउंटरवर होते, हॉल अर्धा भरलेला. मी सरळ जाऊन सांगितलं की तो नेहमीचा ग्राहक म्हणजे मी. साहेब हसले. मावशींसाठी खोटं बोलतोयस, म्हणाले, तुझ्यासारखा शिस्तीचा माणूस असलं करणार नाही. बघा नशीब, बावीस वर्षांच्या चोख कामाचा हा फायदा. मी खिशातून पेन काढलं, दातांच्या खुणांचं, आणि ऑर्डरच्या कागदावर तोच मजकूर, तस्साच अक्षर वळवून लिहिला. खाली दोन रेघा. साहेबांनी वही उघडून शेजारी धरली. हसू मावळलं.

आवाज चढला. ग्राहकाच्या नावानं खोटं लिहिलंस, उद्या तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार, मी तुला आत्ताच्या आत्ता काढू शकतो. हे सगळं जेवणाऱ्यांसमोर. मावशी दारात येऊन उभ्या, मागे ती बाई. अंगातला शर्ट कडक होता. तेवढाच आधार.

"काढा साहेब," मी म्हणालो. "पण आधी पाटी काढा, मग मला."

साहेबांनी वही फटकन मिटली. मावशी मात्र थांबल्या नाहीत. परवानगी-बिरवानगी काही नाही, त्या बाईला हाताला धरून आत घेऊन आल्या, भिंतीकडच्या टेबलावर बसवलं आणि छोट्या वाटीत दोन घोट पाणी बाळापुढे ठेवलं. मग साहेबांकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझी पोर मी एकदा पोत्यांमागे लपवली. आता कुणाची लपवणार नाही. महिना संपला तरी येणार, पगार नका देऊ."

मग कोपऱ्यातले एक आजोबा, ते खरोखरचे नेहमीचे ग्राहक, उठून साहेबांना म्हणाले की ती वही जरा इकडे द्या, मलाही लिहायचंय. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पण त्यांच्यामागे आणखी दोघं उठले.

साहेब मनातून विरघळले वगैरे काही नाही. सौदा झाला. पाटी गेली, मावशी राहिल्या. हॉल माझ्याकडून गेला. सहा महिने भांड्यांच्या यंत्रावर, म्हणजे मावशींच्याच जुन्या जागी. तशा कागदावर मी सही करून दिली, आणि मागे वळून बघितलं नाही. पाटीचे स्क्रू मीच फिरवले, लोण्याच्या सुरीनं. भिंतीत दोन भोकं राहिलीत, ती मी बुजवणार नाही आणि कुणाला बुजवू देणार नाही.

यंत्रावर पांढरा शर्ट टिकत नाही. वाफेनं इस्त्री पाच मिनिटांत उतरते. तरी मी रोज कडक घालूनच येतो, बघू कोण थकतं ते. समोरच्या खिडकीतून हॉलचा एक तुकडा दिसतो, भिंतीकडचं टेबलही. बुधवारी ती बाई येते, दोन्ही हातांनी जेवते. बाळ आता टेबल धरून उभं राहतं आणि चमचे फेकतं. मला अजूनही मुलं आवडत नाहीत, हे लिहून घ्या.

काल दुपारी मावशींनी खिडकीतून चाळणी आत सरकवली. वर भात, लाळ आणि काय काय चिकटलेलं. मी ती यंत्रात टाकायला निघालो तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"यंत्रात नको. हातानं धू, नीट," म्हणाल्या. "गिऱ्हाईकाच्या तोंडात जाते ती."