निपाणीच्या मावशींच्या पेशी

मावशी मला पहिल्यांदा भेटल्या त्या दवाखान्याच्या बाकावर. त्या निपाणीहून आल्या होत्या. गालाच्या आत गाठ होती आणि दुसऱ्या दिवशी ती काढायची होती. काढलेल्या गाठीचा एक लहानसा तुकडा संशोधनासाठी द्याल का, एवढंच मला त्यांना विचारायचं होतं. संमतीचा कागद वाचून दाखवायचा, समजावून सांगायचं, आणि नको म्हणाल्या तर मुकाट उठायचं.

मी डॉक्टर आहे, पण औषध देणारी नाही. कॅन्सरच्या पेशी कशा वाढतात, हे बघण्याचं माझं काम. बेळगावात कुणाला हे सांगितलं की लोक आधी घरातल्या कुणाचा तरी रिपोर्ट पुढं करतात. मला त्यातलं काही सांगता येत नाही म्हटल्यावर विषय बदलतात.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "काडून टाकायचीच हाय न्हवं? मग घ्या की. इचारतासा कशाला?"

"टाकणार नाही, मावशी. मी ती बाटलीत वाढवणार आहे."

त्या दचकल्या. "वाडवनार? आनि का वो?"

"कशी वाढते ते कळल्याशिवाय थांबवायची कशी, ते कळत नाही."

त्यांनी पदर सारखा केला. "तुमच्याजवळ वाडली तर तुमास्नी काय हुनार न्हाय न्हवं?"

इतकी वर्षं लोकांच्या गाठी मागत फिरले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "न्हाय, काय होत न्हाय." माझ्या तोंडून घरचं, वडगावचं 'न्हाय' कितीतरी दिवसांनी बाहेर पडलं होतं. मावशींनी कागदावर अंगठा उठवला.

सोबत कोणी नव्हतं. नवरा जाऊन बराच काळ झाला होता. मुलगा पुण्याला कारखान्यात, तो ऑपरेशनच्या दिवशी येणार होता. मावशींचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं होतं आणि दातांना मिसरी लावायची सवय लग्नाच्याही आधीची.

गाठ माझ्याकडं आली ती सुपारीएवढी. तिचे बारीक तुकडे करून बाटलीत ठेवले, वर गुलाबी पोषकद्रव घातलं. बरेच दिवस काहीच झालं नाही. पेशी अगदी थोड्या असल्या तर त्या वाढत नाहीत. शेजारीण जे काही पाझरवते त्यावर दुसरी जगते. मग एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली एका तुकड्याच्या कडेनं झालर दिसली. पेशी बाहेर सरकायला लागल्या होत्या. मी खुर्चीतून उठले, कुणाला तरी सांगायला म्हणून दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले.

आमच्या वडगावातल्या घरी माग होते. त्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावं लागायचं. आई-आप्पा गेले, माग विकले गेले. भाऊ तिथंच राहतो. मी टिळकवाडीत दोन खोल्या घेऊन राहते. पेशींना गणपती कळत नाही, दिवाळी कळत नाही. त्यांचं पोषकद्रव ठरल्या वेळी बदलावंच लागतं. पहिली काही वर्षं वहिनी सणाला जेवायला बोलवायच्या आणि मी उशिरा पोचायची. ताट झाकून ठेवलेलं असायचं. पुढं बोलावणं कमी झालं. भांडण काही झालं नाही. सवय मोडली, एवढंच.

ऑपरेशननंतर मावशी तपासणीला यायच्या. अर्धा गाल आत गेलेला, बोलणं जड झालेलं. तपासणी झाली की जिना चढून आमच्या विभागात यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "हाय का अजून ती?"

"हाय की."

बाहेरच्या खोलीत आम्ही चहा घ्यायचो. त्या चहा गार करून चमच्यानं प्यायच्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. चांगल्या पेशी शेजारणीला टेकल्या की वाढायच्या थांबतात, ह्या थांबत नाहीत, एकमेकींच्या अंगावर चढतात, असं सांगितलं. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"हीच व्हय ती?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, काळी असंल."

त्यांच्या तपासणीचा दिवस मला आधीपासून ठाऊक असायचा. त्या दिवशी मी मऊ भात करून डबा आणायची. आपण कुणाची वाट बघतोय, हे मी स्वतःशीही बोलले नव्हते.

पेशी चांगल्या वाढल्या. इतर गाठींच्या पेशी ज्या औषधानं थबकायच्या, त्यानं ह्या थबकत नव्हत्या. त्यांच्यात वाढीचा हुकूम देणारी एक वेगळीच वाट उघडी असावी, असं दिसायला लागलं होतं. त्या वाटेमागं मी दोन वर्षं घातली. मग ओल्या हवेच्या दिवसांत एका बाटलीत बुरशी उतरली. दोन दिवसांत सगळ्या बाटल्या गढूळ झाल्या. थोड्या पेशी आधी गोठवून ठेवल्या होत्या, त्या काढल्या. त्या जाग्या झाल्याच नाहीत. विभागप्रमुख म्हणाले, "असं होतं. नवीन गाठ घ्या." खरंच होतं असं. मी बाटल्यांत जंतुनाशक ओतलं, टेबल पुसलं आणि पुसतच राहिले. घरी येऊन भावाला फोन लावला. त्यानं विचारलं, "बरी हाईस न्हवं?" मी "व्हय" म्हणाले. आणि फोन ठेवला.

त्यानंतर मावशी आल्या, दारातून नेहमीचा प्रश्न विचारला.

"न्हाय, मावशी. मेल्या."

"समद्या?"

"समद्या. एकही राहिली नाही."

त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. मग त्या रडल्या आणि पुन्हा हसल्या. "मेली एकदाची! माझ्या तोंडातनं गेली, तुमच्या बाटलीतनं बी गेली!" एवढं म्हणून त्या खाली गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या, हातात कुंद्याचा पुडा. "तोंड गोड करा आधी."

मी तो कुंदा खाल्ला. एकेक तुकडा मोडून, हळूहळू. माझं दुःख त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि त्यांचा आनंद खोटा नव्हता. "तुमाला बरं न्हाय वाटलं व्हय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "वाटलं की."

पुढं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, आता वर्षानं या. मुलगाही बायकापोरं घेऊन निपाणीला परतला होता, तिथं त्यानं गॅरेज घातलं. "घराकडं या एकदा," मावशी जाताना म्हणाल्या.

मी गेले. रविवार होता. पत्ता विचारत पोचले तर अंगणात नातवंडं, आत पाहुणे. सुनेच्या माहेरी मोठं कुणी नसल्यानं तिच्या भावाच्या लग्नाची बोलणी इथंच चालली होती. मावशी लगबगीनं पुढं आल्या. पाहुण्यांपैकी एकीनं विचारलं, "ह्या कोन?"

मावशींनी माझ्यापुढं पाट सरकवला. "बेळगावच्या वळकीच्या हायत," त्या म्हणाल्या.

सुनेनं झुणका-भाकरी वाढली, आग्रहानं वाढली. पण दवाखान्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि मीही काढलं नाही. पाहुणे बसले होते त्या बाजूला मावशींनी चांगला गाल ठेवला होता.

निघाले तेव्हा त्या कोपऱ्यापर्यंत आल्या. "राग मानू नगासा," हळू आवाजात म्हणाल्या. "तुमी दिसलासा, आनि त्यो दवाखाना डोळ्यापुढं हुबा ऱ्हायला बगा. तुमी लई केलंसा माझं. पर आता त्ये समदं इसरायचं हाय मला."

"विसरा, मावशी," मी म्हणाले. "विसरायलाच पाहिजे."

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलाशी बोटं मोडली आणि घराकडं वळल्या. नातू दारातून हाका मारत होता.

बेळगावची बस लगेच मिळाली. खिडकीशी जागा होती. शेजारी बसलेल्या बाईनं कन्नडात विचारलं, कुठं गेला होता. मी म्हणाले, पाहुण्यांकडं. "सगळे बरे आहेत ना?" तिनं विचारलं. मी सांगितलं, सगळे बरे आहेत. ते खरं होतं. संकेश्वर येईपर्यंत ती तिच्या मुलींबद्दल बोलत राहिली. मग ती उतरून गेली, आणि तिच्या जागेवर कुणी आलं नाही.