बिनहिंगाचं वरण
शेजारच्या घरातून हिंगाच्या फोडणीचा वास आला की मला दिंडोशीतलं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवतं. तेव्हा केस विंचरायलाही माझा हात वर जात नव्हता आणि दहा तास झोपून उठले तरी अंग भिजलेल्या गोधडीसारखं जड असायचं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, पोटामुळेही असू शकेल, तीन महिने गहू पूर्ण बंद करून बघा. आईने कणकेचा डबा माळ्यावर टाकला आणि माझ्याबरोबर स्वतःही ज्वारीची भाकरी खायला लागली. तीन महिन्यांत काडीचा फरक पडला नाही. शेवटच्या दिवशी वरणाला फोडणी देताना तिने माझ्याकडे हिंगाची डबी मागितली. मी सहज डबीवरची बारीक अक्षरं वाचली, तर त्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं. गॅसवर तेल धुरकटलं, कढीपत्ता आईच्या हातातच राहिला. "म्हणजे रोज मीच घालत होते गं तुला," ती म्हणाली आणि खाली लादीवर बसली. "बरं झालं ना, कारण तरी सापडलं," मी म्हटलं, आणि मला ते खरंच वाटत होतं. मग पुन्हा तीन महिने, हिंगाशिवाय. मी होते तशीच राहिले, आणि आता दोष द्यायला घरात काहीच उरलं नव्हतं. आई अजूनही माझं वरण बिनहिंगाचं वेगळं काढते, वाटी खाटेपाशी आणून ठेवते आणि विचारते, "आता जरा बरं वाटतंय ना?" मी पडल्या पडल्याच हो म्हणते.