आधी काटा, मग चहा

स्टुटगार्टमधल्या ज्या ज्या मराठी घरात हिवाळ्यात अंघोळीला गरम पाणी येतं, ते माझ्या बायकोच्या आत्याच्या यजमानांच्या कृपेने येतं, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत आहे, आणि ते खोडून काढण्याइतका पुरावा आजवर कोणाला मिळालेला नाही. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणतो. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले. जर्मन बोलतात ते इथल्या श्वाबी हेलात, मराठी मात्र अजून सांगलीची. जगात जिथे म्हणून गोल तबकडी आणि तिच्यात काटा असेल, तिथे काका थांबतात, बोटाच्या पेराने दोनदा टकटक करतात आणि काटा जागचा हलला नाही तरच पुढे जातात. इतर लोक भेटल्यावर ‘काय, कसं काय?’ म्हणतात. काका म्हणतात, ‘काय, प्रेशर काय म्हणतंय?’ पुण्याहून नव्याने आलेली मंडळी यावर आपल्या गोळ्यांची नावं सांगायला लागतात.

काकांची चौकशी असते ती थेर्मेची. इथल्या पुष्कळ फ्लॅटांत बाथरूमच्या भिंतीवर गॅसची एक पांढरी पेटी टांगलेली असते. तीच खोल्यांमधले रेडिएटर तापवते आणि तीच नळाला गरम पाणी देते. रेडिएटरांत फिरणाऱ्या पाण्याचा दाब एकच्या खाली उतरला की ही बाई रुसून बसते आणि काही केल्या पेटत नाही. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात ती रुसली. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बंद करून पुन्हा चालू करणे एवढाच उपाय मला येतो, तो मी चार वेळा करून पाहिला. इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या हाउसफेरवाल्टुंगने मोठ्या उदारपणे तीन आठवड्यांनंतरच्या भेटीचा टेर्मिन दिला. शेवटी मृणालने, म्हणजे बायकोने, तिच्या आत्याला फोन लावला, आणि चाळीस मिनिटांत काका दारात हजर झाले.

हातात कापडी पिशवी होती. तिच्यात रबरी नळी, रेडिएटरची छोटी पितळी चावी, गुडघ्याखाली घ्यायला जुना पंचा आणि स्टीलचं एक फुलपात्र, ज्याच्या कडेवर बारीक अक्षरांत आत्याचं नाव कोरलेलं. मी चहाचं विचारलं. ‘जावईबापू, आधी काटा, मग चहा,’ काका म्हणाले आणि कामाला लागले. नळी आधी पाण्याने भरून घ्यायची, नाहीतर आतली हवा थेर्मेत जाते. मग ती जोडून नळ सावकाश सोडायचा आणि काटा दीडवर आला की बंद करायचा. दीड म्हणजे दीड. मग एकेक रेडिएटर घेऊन चावीने त्याची हवा काढायची, फुर्र आवाज थांबून पाणी आलं की ते फुलपात्रात धरायचं, आणि काटा पुन्हा तपासायचा. हे सगळं मी लांबूनच पाहिलं, कारण नेमका नळ फिरवताना काका असे उभे राहतात की त्यांच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. ‘मलाही शिकवा ना,’ म्हटलं, तर म्हणाले, ‘त्यात शिकण्यासारखं काही नाही.’ त्यानंतर दोन कप चहा आणि दोन बशा पोहे होईपर्यंत ते उठले नाहीत.

एकदा एका नव्या कुटुंबाकडे दिवाळीच्या फराळाला आम्ही सगळे जमलो होतो. चकलीची दुसरी फेरी झाली तरी काकांचा पत्ता नव्हता आणि बाथरूम आतून बंद. बाहेर सात-आठ जणांची रांग लागली, त्यातले दोघे अगदी कासावीस. यजमानीण बिचारी पोट बिघडलं की काय म्हणून ओव्याची डबी घेऊन उभी. पाऊण तासाने दार उघडून काका कोपरापर्यंत भिजलेले बाहेर आले आणि म्हणाले, ‘शून्य पॉइंट आठवर राहत होता तुम्ही लोक. माणसं आहात की पेंग्विन?’ आत्याने डोक्याला हात लावला. ती गंमत ती पुढे प्रत्येक कार्यात सांगायची, आणि दर वेळी रांगेतली माणसं दोनने वाढवायची.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेली. त्यानंतर काकांचं सहज येणं बंद झालं. मृणालने जेवायला बोलावलं की म्हणत, ‘बघू, उगाच कशाला तुम्हाला त्रास.’ पण थेर्मेचं नाव काढलं की चाळीस मिनिटांत दारात. आणि आमच्या थेर्मेलाही त्याच सुमारास काय झालं कोण जाणे, दर तीन आठवड्यांनी काटा खाली यायला लागला.

गेल्या वर्षी थेर्मेच्या वार्षिक तपासणीला मेकॅनिक आला. पेटी उघडून त्याने सगळं पाहिलं. पेटीत दोष नव्हता, पाइप कुठे गळत नव्हते. मग तो खोल्याखोल्यांतून फिरला, आणि पाहुण्यांच्या खोलीत पडद्यामागच्या रेडिएटरपाशी खाली बसला. हवा काढायचा स्क्रू केसाएवढा सैल होता. थेंब थेंब पाणी येत होतं आणि ते बरोबर खाली ठेवलेल्या फुलपात्रात पडत होतं. ‘हे इथेच राहू दे, दर वेळी कुठे ने-आण करू,’ म्हणून काकांनीच ते तिथे ठेवलं होतं. मेकॅनिक म्हणाला, ‘ज्याने केलंय त्याला काम येतं. जमिनीवर एक थेंब नाही.’ आणि त्याने स्क्रू घट्ट केला. मला हसू आवरेना. मृणालने मात्र पडदा पुन्हा ओढून घेतला. ‘काकांना यातलं काही बोलू नकोस,’ एवढंच म्हणाली.

तीन आठवडे झाले, पाच झाले, काटा दीडवर ठाम. काकांचा फोन यायचा, ‘प्रेशर काय म्हणतंय?’ मृणाल म्हणायची, ‘ठीक आहे काका.’ ‘मग उत्तमच की,’ असं म्हणून ते जरा वेळ फोन तसाच धरून ठेवायचे. सातव्या आठवड्यात मृणालने बाऊमार्क्ट या हार्डवेअरच्या दुकानातून चावी आणली आणि स्क्रू फिरवून मोकळी झाली. मी ऑफिसातून आलो तोवर काटा पार खाली बसलेला, आणि ही फोनवर सांगत होती, ‘काका, थेर्मे बंद पडली हो.’

काका आले, पंचा अंथरून पडद्यामागे बसले आणि आधी त्यांनी स्क्रू घट्ट केला. फुलपात्र भरून वाहत होतं आणि निम्मा गालिचा रेडिएटरमधल्या काळ्या पाण्याने भिजला होता.

‘चावी कोणी फिरवली?’

‘मी,’ मृणाल म्हणाली.

‘एवढी नसते फिरवायची. केसाएवढी फिरवायची. गालिचा भिजतो.’ हे बोलून गेल्यावर आपण काय कबूल केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. मान खाली घालून ते पंच्याने गालिचा टिपू लागले.

‘काका, आत्या गेली म्हणून तुम्हाला आमच्याकडे यायला कारण लागतं का?’

‘नातं तिच्या बाजूचं ना, बाळा,’ काका म्हणाले. ‘ती असताना मी तिच्याबरोबर येत होतो. आता कोणाबरोबर येऊ?’

मृणाल तिथेच त्यांच्याशेजारी ओल्या गालिच्यावर बसली. मी उगाच बादली आणायला गेलो. परत आलो तेव्हा काका म्हणत होते, ‘चहा टाक मग. काट्याचं बघू नंतर.’ इतक्या वर्षांत हे मी प्रथमच ऐकलं, आणि खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले.

आता ते दर रविवारी जेवायला येतात. आल्या आल्या बाथरूममध्ये जाऊन तबकडीवर दोनदा टकटक करतात. काटा दीडवर असतो. त्यांना त्याचं जरा वाईट वाटतं असा मला संशय आहे. मृणालने तीन वेळा घासून लख्ख केलेलं ते फुलपात्र त्यांच्या पानाजवळ असतं, आणि पाणी पिण्याआधी काका आत्याच्या नावावरून एकदा अंगठा फिरवतात. ते घरी न्यायची गोष्ट त्यांनी अजून काढलेली नाही, आणि आम्हीही आठवण करत नाही.