बुधवारी भरलेलं पिंप

दर गुरुवारी आमच्या कर्वेनगरात पाणी बंद असतं. काल बुधवारी पिंप भरताना ओल्या प्लास्टिकचा वास आला आणि मी वीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी जाऊन पोहोचले.

तेव्हा मी डेंग्यूच्या साथीचं गणिती मॉडेल करत होते. त्यात पाऊस होता, डास होते. त्या हिशेबाने पाऊस नसताना रुग्ण घटायला हवे होते, पण ते भर उन्हाळ्यातही वाढत होते. म्हणून आरोग्यसेविका मंदाताईंबरोबर एका वस्तीत गेले. पहिल्याच घरात एक छोटी मुलगी तापाने फणफणली होती. ताईंनी दाराशी ठेवलेल्या पिंपाचं झाकण उचललं. उन्हाचा कवडसा आत उतरला, आणि सोनेरी पाण्यात डासांच्या अळ्या संथपणे वरखाली होऊ लागल्या. मी भान हरपून बघत राहिले.

“कालच भरलंय, ताजं आहे,” मुलीची आई म्हणाली.

“उरलेल्या पाण्यातच ओतलंत ना?” ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “पाऊस कशाला हवाय, मॅडम? डासांनी तुमचं गणित वाचलेलं नाही.”

मी समीकरणात पिंप घातलं. आलेख रुग्णांच्या आकड्यांशी जुळला, तेव्हा मी विद्यापीठातल्या आमच्या विभागात पेढे वाटले.

ती मुलगी बरी झाली का, हे विचारायला मात्र मी पुन्हा कधी गेलेच नाही.