क्रेटवाली गोलकीपर

माह्या जाऊबाईची धनश्री शेंदूरजनाघाटची, वय तेरा. बगीच्यात बाप झाडावरून संत्रं टाकते, ही खाली झेलते अन् मागच्या क्रेटात हळूच ठेवते. संत्रं एक फुटू देत नाही, घरच्या कपबशा मात्र साऱ्या हिनंच फोडल्या!

यंदा अकोल्याच्या महिला फुटबॉल क्लबच्या अकादमीत एकच गोलकीपर पोरगी घेणार होते. मी संग गेली. तिथल्या कोच मॅडमले खूश कराले संत्र्याचं एक क्रेटही नेलं.

पहिला बॉल धनश्रीनं असा अलगद झेलला, का मॅडम पाहतच राहिल्या. मंग पोरीनं सवयीनं मागं वळून तो गोलच्या जाळीतच ठेवला!

"अवं माय, थो गोल हाय, क्रेट नाही!" मी वरडली.

दुसराही तसाच गेला. बाकीच्या पोरी हासून राहिल्या, हिचे डोळे भरले.

"काकू, ते क्रेट रिकामं करा," मॅडम म्हणाल्या. त्याइनं ते धनश्रीच्या पुढं ठेवलं. "आता झेललेला बॉल ह्याच्यात."

मंग आठ बॉल आले. आठही क्रेटात!

पोरगी निवडली गेली. मॅडम म्हणतात, हाताची कमाल. मी सगळ्याइले सांगून राहिली, क्रेट माहं होतं.