सत्तेचाळीस बटणं

उत्कर्षा शनिवार पेठेतल्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवायची. नाटकाच्या तिकिटांची तिची नवी साइट सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच फोन आला.

"तुमच्या साइटवर सत्तेचाळीस बटणं आहेत. सगळ्यांचं नाव 'बटण'. मी नक्की कुठलं दाबणं अपेक्षित आहे?"

बोलत होते बद्रीनाथ. एकोणिसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. मग तीस वर्षं बँकेत टेलिफोन ऑपरेटर, आणि निवृत्त झाल्यावर संगणक शिकले. हे सगळं उत्कर्षाला कळलं ते दुसऱ्या दिवशी, कसबा पेठेतल्या त्यांच्या घरी. माफी फोनवरही मागता आली असती. पण न बघता माणूस साइट वापरतो तरी कशी, हे तिला पाहायचंच होतं.

त्यांचा संगणक पडद्यावरचा मजकूर मोठ्याने, पण इतक्या वेगात वाचत होता की तिला एक शब्द कळेना. बद्रीनाथांनी तो वेग कमी केला, पडदा बंद केला आणि खुर्ची तिला दिली.

"काढा आता तिकीट."

"काका, माऊस?"

"पाहुण्यांसाठी ठेवलाय. तुम्ही आज पाहुण्या नाही."

वीस मिनिटं ती 'बटण, बटण' ऐकत कीबोर्डच्या कळा दाबत राहिली. स्वतःच्याच साइटवर तिला साधी तारीख निवडता आली नाही.

"खुर्ची आपोआप मिळेल असं करते," ती ओशाळून म्हणाली. "तुम्हाला निवडायचा त्रास नको."

"का? मला आवडनिवड नाही?"

तिने हळूच विचारलं, "कुठली हवी असते तुम्हाला?"

"तिसरी रांग, डावं टोक. तिथून पावलं ऐकू येतात. कोण कुणाकडे वळलं, तेही कळतं. मागे बसलं की नुसते संवाद उरतात."

उत्कर्षाने वही काढली. नेपथ्य बदललेलं कसं कळतं? नट पाठमोरा बोलला तर? चहा दोनदा झाला, तरी तिचे प्रश्न संपेनात.

तीन आठवड्यांत प्रत्येक बटणाला नाव मिळालं. प्रत्येक खुर्ची आपली रांग आणि बाजू सांगू लागली. बद्रीनाथांनी चार मिनिटांत दोन तिकिटं काढली आणि तिला रविवारी नाटकाला बोलावलं.

मध्यंतरात तिने विचारलं, "अंकाच्या शेवटी त्या बाई पाठमोऱ्या होत्या. रडत होत्या ना?"

"छे," बद्रीनाथ म्हणाले, "हसू दाबत होत्या."